नकाशावरची सही : वास्तुकलेतील स्त्रिया आणि उल्हास-वालधुनीचा पट्टा

इमारतीचा नकाशा मंजुरीसाठी नगरपालिकेत दाखल होतो, तेव्हा त्यावर मालकाच्या सहीबरोबर वास्तुविशारदाची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक असावा लागतो. भारतात हा क्रमांक १९७२च्या वास्तुविशारद कायद्याखाली स्थापन झालेली वास्तुकला परिषद देते, आणि तो नसलेल्याला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. वास्तुकलेतील स्त्रियांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या सहीचा इतिहास आहे. ती बायकांना केव्हा मिळाली, मिळाल्यावरही शेजारी कोणाचे नाव ठळक छापले गेले, आणि सही नसलेल्या बायकांनी बांधकामाचा केवढा भार उचलला, असे तीन प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. या विषयावरचे बहुतेक लेखन पहिल्या प्रश्नापाशीच थांबते. पहिली पदवीधर, पहिली सभासद, पहिली पारितोषिकविजेती अशी माळ ओवली की विषय संपला, असा समज त्यातून होतो. माळ खोटी नाही; पण तिच्यात घरे दिसत नाहीत.

घरे पाहायची तर मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावरची तीन शहरे सोयीची आहेत. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर यांची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत अनुक्रमे सुमारे पाच लाख, अडीच लाख आणि पावणेदोन लाख होती. आज ती बरीच वाढली आहे. जगप्रसिद्ध वास्तुविशारदाची इमारत बघायला येथे कोणी येत नाही. मात्र हजार वर्षांचे दगडी देऊळ, निर्वासितांच्या बराकी, कारखान्यांच्या कामगारवस्त्या, डोंगरपायथ्याचे आदिवासी पाडे आणि विक्रीला काढलेले नवे मनोरे हे सगळे काही मैलांत सापडते. वास्तुकलेत बायकांचे स्थान कोठे होते आणि कोठे आहे, याची उदाहरणे या पट्ट्यात जागोजागी मिळतात.

अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मधले, म्हणजे इ.स. १०६०चे. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी छित्तराजाने ते आरंभले आणि त्याचा भाऊ मुम्मुणि याच्या कारकिर्दीत ते पुरे झाले, असे मानले जाते. वालधुनीच्या काठचे हे देऊळ काळ्या बसाल्टमध्ये घडवलेले, भूमिज शैलीचे आहे. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. भिंतींवर देवता आणि सुरसुंदरी दाटीवाटीने उभ्या आहेत. दगडात बाई सर्वत्र आहे, दगड घडवणाऱ्यांत ती होती की नाही हे सांगणारे काही नाही. प्राचीन आणि मध्ययुगीन काळात स्त्रियांचे नाव इमारतीशी जोडले जाते ते मुख्यतः बांधवून घेणारी म्हणून. पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर आठव्या शतकात चालुक्य राणी लोकमहादेवीने उभारवले. स्थपतीचे नाव मात्र गुंड असे कोरलेले आहे. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात काशी विश्वेश्वरापासून वेरूळच्या घृष्णेश्वरापर्यंत केलेली कामे याच प्रकारातली. पैसा, निर्णय आणि देखरेख यांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. बांधवून घेणाऱ्याने हट्ट धरल्याशिवाय एकही मोठी इमारत उभी राहिलेली नाही. तरीही बांधवून घेणे आणि आखणे ही कामे वेगळी, आणि आखणीचे शिक्षण पिढीजात कारागिरांच्या घरांत बापाकडून मुलाकडे जात होते.

हे शिक्षण घरातून शाळेत आले तेव्हाही दार लगेच उघडले नाही. मुंबईचे सर ज. जी. कला विद्यालय १८५७ मध्ये सुरू झाले. पुढे १८६८ मध्ये सरकारच्या सांगण्यावरून याच विद्यालयाची तुकडी अंबरनाथला आली आणि तिने मंदिराची रेखाटने व शिल्पांचे साचे तयार केले. भारतीय देवळाची इतक्या बारकाईने मोजदाद करण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. १८९६ मध्ये विद्यालयात आराखडाकारांचा वर्ग निघाला आणि १९१३ मध्ये वास्तुकलेचा चार वर्षांचा अभ्यासक्रम. योगायोग असा की त्याच १८९६ साली धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. कर्व्यांची संस्था वास्तुकलेपर्यंत यायला पुढे जवळपास शंभर वर्षे लागली. अंबरनाथच्या मंदिराकडे स्त्रीची अभ्यासू नजर वळली तीही उशिरा: डॉ. कुमुद कानिटकर यांनी या शिवालयावर स्वतंत्र ग्रंथ लिहून मूर्तींची जागा, त्यांचा क्रम आणि त्यामागचा शैव विचार यांची संगती लावली. शिलाहारकालीन स्थापत्याच्या अभ्यासकाला आज तो ग्रंथ वगळून पुढे जाता येत नाही. इमारत वाचणे हेही वास्तुकलेचेच काम आहे, हे येथे नोंदवायला हवे.

युरोप-अमेरिकेत सहीचा झगडा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झाला. अमेरिकेत लुईस बेथ्यून १८८८ मध्ये तेथील वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय संस्थेच्या सभासद झाल्या. १८९३च्या शिकागो प्रदर्शनातील महिला भवनासाठी फक्त स्त्रियांची स्पर्धा निघाली, तेव्हा पुरुषांच्या मानाने मोबदला फारच कमी आहे म्हणून बेथ्यून यांनी तीत भाग घेतला नाही. स्पर्धा जिंकली ती मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या सोफिया हेडन यांनी. भवन उभे राहिले, पण त्यानंतर त्यांच्या हातून दुसरी मोठी इमारत झाली नाही. फिनलंडमध्ये सिग्ने हॉर्नबोर्ग १८९० मध्ये पदवीधर झाल्या, लंडनच्या वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटने १८९८ मध्ये एथेल चार्ल्स यांना सभासद करून घेतले. पॅरिसच्या नामांकित कलाशाळेतून वास्तुकलेचे प्रमाणपत्र मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ज्युलिया मॉर्गन. त्यांनी कॅलिफोर्नियात शेकडो इमारती केल्या. अमेरिकन संस्थेचे सुवर्णपदक त्यांना २०१४ मध्ये मिळाले, त्या वेळी त्यांना जाऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता.

या पिढीनंतरचे एक नाव स्वयंपाकघराशी जोडलेले आहे, म्हणून त्याची दखल थोडी सविस्तर घ्यावी लागते. व्हिएन्नाच्या मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी सुमारे साडेसहा चौरस मीटरचे स्वयंपाकघर आखले. ओटा, फडताळ, मोरी, इस्त्रीची फळी, सगळे हाताच्या अंतरावर. अशी जवळपास दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली, आणि आज मुंबईच्या वन बीएचके सदनिकेत जो ओटा असतो त्याची वंशावळ तेथवर नेता येते. स्वतः लिहोत्स्की तोवर कधी स्वयंपाकाच्या वाटेला गेल्या नव्हत्या. हे त्यांनीच पुढे सांगितले. बाईने आखले म्हणजे अनुभवातूनच आखले असणार, या गृहीताला हा चांगला उतारा आहे. त्यांनी स्वयंपाकघर आखले ते कामाचा अभ्यास करून, आगगाडीच्या डब्यातल्या मुदपाकखान्यासारख्या जागा पाहून. पुढे नाझींविरुद्धच्या कामासाठी त्यांनी चार वर्षे तुरुंगात काढली. सगळे आयुष्य एका स्वयंपाकघराच्या नावाने ओळखले जावे, याचा त्यांना उतारवयात कंटाळा येत असे, तो समजण्यासारखा आहे.

मुंबईत सही प्रथम मिळाली ती पेरीन जमशेदजी मिस्त्री यांना. त्यांचा जन्म १९१३चा, म्हणजे ज. जी.चा चार वर्षांचा अभ्यासक्रम ज्या वर्षी निघाला त्याच वर्षीचा. १९३६ मध्ये त्यांनी तेथून वास्तुकलेची पदविका घेतली आणि दुसऱ्या वर्षी वडिलांच्या ‘डिचबर्न, मिस्त्री अँड भेदवार’ या पेढीत काम सुरू केले. कार्मायकल रोडवरचा सर बेहरामजी करंजिया यांचा बंगला आणि कंबाला हिलवरचे सेंट स्टीफन्स चर्च ही त्यांच्या कामांपैकी काही. घरात पेढी होती म्हणून वाट सोपी झाली, हे खरे. पण त्या काळात पुरुषांनाही पेढी बहुधा घरातूनच मिळे, आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करत नसे.

ज. जी.च्या वर्गात पुढच्या काही वर्षांत आलेली मिनेट डी सिल्वा ही कँडीची मुलगी. चले जावच्या दिवसांत गांधीजींच्या अटकेच्या निषेधात सामील झाली आणि माफी मागायला तयार झाली नाही, म्हणून तिला विद्यालयातून काढून टाकले. त्या काळच्या मुंबईतच १९४६ मध्ये ‘मार्ग’ हे नियतकालिक निघाले आणि मिनेट त्याच्या संस्थापक गटात होती. लंडनला शिक्षण पुरे करून १९४८ मध्ये ती रॉयल इन्स्टिट्यूटची सभासद झाली. असा मान मिळवणारी ती पहिली आशियाई स्त्री. श्रीलंकेत परतल्यावर तिने कँडीजवळच्या वाटापुलुवा वसाहतीत घरे आखण्याआधी राहणाऱ्या कुटुंबांकडून त्यांच्या गरजा विचारून घेतल्या. ‘सहभागी नियोजन’ म्हणून आज जे शिकवतात ते तिने १९५०च्या दशकात करून दाखवले. उष्ण प्रदेशातील आधुनिक वास्तूचे श्रेय मात्र पुढे तिच्याच देशातल्या जेफ्री बावांकडे अधिक गेले. ती १९९८ मध्ये वारली, जवळजवळ विस्मृतीत.

‘मार्ग’च्याच पानांवर १९६५ मध्ये मुंबईचे भवितव्य मांडणारा एक प्रस्ताव छापला गेला. उत्तरेकडे रेल्वेच्या दोन रुळांना लोंबकळत वाढणारे शहर खाडीपलीकडे पूर्वेला वळवावे, अशी ती कल्पना. मांडणारे तिघे होते: चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता. मेहता ज. जी.त आणि नंतर शिकागोत शिकलेल्या, स्वतःचे कार्यालय चालवणाऱ्या. किहीमचे पटेल घर हे त्यांचे ओळखले जाणारे काम. प्रस्तावातून १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली, कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद झाले आणि पटेलांकडे नियोजन व बांधकामाची धुरा आली. आज नव्या मुंबईचा विषय निघाला की पहिले नाव कोरियांचे येते, दुसरे पटेलांचे. तिसरे बहुधा राहूनच जाते. कोणी कट केला म्हणून नव्हे. पद मिळालेल्यांची नावे कागदोपत्री पुनःपुन्हा येत राहतात आणि कल्पना देणाऱ्याचे एकदाच येते.

शहर पूर्वेला वळले, पण उत्तरेची वाढ काही थांबली नाही. नव्या मुंबईत जागा न परवडलेली माणसे डोंबिवली, कल्याण आणि मग अंबरनाथ-बदलापूरला गेली. अंबरनाथला विमको ही आगकाड्यांची कंपनी आणि आयुधनिर्माणी होती, म्हणजे वस्तीचा मूळ गाभा कामगारांचा. उल्हासनगरची गोष्ट निराळी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत जागा देण्यात आली. त्यांची संख्या लाखाच्या घरात होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीचे नामकरण झाले. ‘कॅम्प एक’ ते ‘कॅम्प पाच’ ही नावे आजही रिक्षावाल्याला सांगितली की पुरतात.

बराक ही शिपायांसाठी आखलेली जागा. लांबलचक खोली, दोन्हीकडे दारे, मध्ये भिंत नाही, स्वयंपाकघर नाही, शौचालय दूर आणि सामाईक. आखणाऱ्याने बाई, बाळंतीण, म्हातारी यांचा विचार करण्याचा प्रश्नच नव्हता. तेथे कुटुंबे आली तेव्हा आधी दोऱ्या बांधून चादरी आणि गोणपाटे लागली, मग पत्रे, मग विटा. चूल कोठे, मोरी कोठे, मुलींनी कपडे कोठे बदलायचे, पापड कोठे वाळत घालायचे, याचे निर्णय बहुतांशी घरातल्या बायकांनी घेतले. पापड-लोणच्याचा घरगुती धंदा हा सिंधी कुटुंबांच्या उभारणीतला मोठा आधार होता, त्यामुळे राहण्याची खोली हीच कामाची जागा झाली. पुढची पडवी दुकान झाली, माळा झोपायची खोली झाला. कोणत्याही कागदावर न आलेली ही आखणी उल्हासनगरच्या आजच्या गल्ल्यांत अजून ओळखू येते. वास्तुकलेच्या इतिहासात तिला ‘अनौपचारिक’ म्हणतात. शब्द सभ्य आहे, पण त्याने श्रेय कोणाचे हे झाकले जाते.

ज्या सिंधमधून ही कुटुंबे आली तेथेच या विषयातले आजचे एक मोठे नाव काम करते. यास्मिन लारी या पाकिस्तानच्या पहिल्या महिला वास्तुविशारद. कराचीत त्यांनी काचेच्या आणि काँक्रीटच्या मोठ्या व्यापारी इमारती केल्या आणि २००० मध्ये व्यवसायातून निवृत्ती घेतली. २००५चा भूकंप आणि २०१०चा सिंधमधला महापूर यांनंतर त्यांनी बांबू, चुना आणि माती यांची स्वस्त घरे गावातल्या बायकांकडून बांधून घ्यायला सुरुवात केली. ओट्यावर उंच घेतलेली, पुरात न बुडणारी त्यांची मातीची चूल गावोगाव पसरली, आणि ती बांधायला शिकवणाऱ्या बायका त्यातून चार पैसे मिळवू लागल्या. २०२३ मध्ये त्यांना रॉयल इन्स्टिट्यूटचे सुवर्णपदक मिळाले ते या कामासाठी, काचेच्या इमारतींसाठी नव्हे.

पदकांचा हिशेब मांडायचा तर तो थोडक्यात मांडता येतो. १९७९ पासून दिल्या जाणाऱ्या प्रित्झ्कर पारितोषिकाच्या २०२५ पर्यंतच्या मानकऱ्यांत सहा स्त्रिया आहेत, आणि एकटीने ते मिळवणाऱ्या झाहा हदीद या एकच. रॉबर्ट व्हेंचुरी यांना १९९१ मध्ये ते दिले गेले तेव्हा त्यांच्या पेढीतील भागीदार आणि पत्नी डेनिस स्कॉट ब्राउन यांना वगळण्यात आले. २०१३ मध्ये हजारोंच्या सह्यांची विनंती होऊनही तो निर्णय बदलला नाही. चंदीगडमध्ये ल कॉर्बुझिएबरोबर काम केलेल्या आणि पुढे राज्याच्या मुख्य वास्तुविशारद झालेल्या उर्मिला युली चौधरी यांचे नाव शहराच्या वर्णनात क्वचित येते. नवरा-बायकोची पेढी हा भारतात सर्रास दिसणारा प्रकार आहे, आणि त्यात बहुधा ‘डिझाइन त्यांचे, ऑफिस बाईंचे’ असे धरून चालतात. पुण्याच्या जयू आणि नचिकेत पटवर्धन यांच्यासारखी जोडी अपवाद: इमारत असो की ‘२२ जून १८९७’ हा चित्रपट, दोघांची नावे बरोबरीने आली.

१९७०च्या दशकापासून मुंबईत स्वतःच्या नावाने कार्यालय चालवणाऱ्या स्त्रिया वाढल्या. ब्रिंदा सोमाया यांनी १९७५च्या सुमारास सुरुवात केली. सेंट थॉमस कथीड्रल आणि राजाबाई टॉवर यांचे जतन, २००१च्या भूकंपानंतर कच्छमधल्या भडली गावाची पुनर्बांधणी आणि अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील लुई कान यांच्या ग्रंथालयाची दुरुस्ती ही त्यांची कामे. २००० मध्ये त्यांनी मुंबईत दक्षिण आशियाई महिला वास्तुविशारदांची परिषद भरवली. आभा नारायण लांबा यांनी रॉयल ऑपेरा हाउसला पुन्हा उभे केले. पुण्यात जन्मलेल्या आणि ज. जी.त शिकलेल्या अनुपमा कुंडू यांनी ऑरोव्हिलमध्ये माती, वीट आणि फेरोसिमेंट यांचे प्रयोग केले. मेरी वुड्स आणि माधवी देसाई यांची भारतीय महिला वास्तुविशारदांवरची पुस्तके २०१७ मध्ये एकाच वर्षी आली, आणि तेव्हापासून हा विषय आठवणींवर विसंबून राहिलेला नाही.

या कामांकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. जतन, शाळा, पुनर्वसन आणि गरिबांची घरे यांत स्त्रियांची नावे दाट आहेत. विमानतळ, आयटी पार्क आणि पन्नासमजली मनोरे यांत विरळ. हे केवळ आवडीमुळे झाले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मोठे काम मिळण्यासाठी बिल्डरच्या बैठकीत, क्लबात आणि रात्रीच्या जेवणात जी ओळख लागते ती पुरुषांची पुरुषांशी होत आली आहे. मात्र या सक्तीतून विषयाला नवी क्षेत्रे मिळाली, हेही तितकेच खरे. नीरा आडारकर यांनी मीना मेनन यांच्याबरोबर गिरणगावातल्या कामगारांच्या मुलाखती घेऊन २००४ मध्ये पुस्तक सिद्ध केले आणि २०११ मध्ये मुंबईच्या चाळींवर ग्रंथ संपादित केला. चाळीची गॅलरी म्हणजे निवडण्या-टिपण्याची, मुले सांभाळण्याची आणि भांडणाचीही जागा, हे वास्तुविशारदाच्या नजरेने मांडले जाणे महत्त्वाचे होते. पुण्यात प्रतिमा जोशी यांनी १९९३ मध्ये शेल्टर असोसिएट्स ही संस्था सुरू केली. झोपडपट्टीतील प्रत्येक घराची नोंद उपग्रहचित्रावर आणून कोणाकडे शौचालय नाही हे ती दाखवते, मग साहित्य संस्थेचे आणि मजुरी कुटुंबाची या बोलीवर घरोघर शौचालय बांधले जाते. ‘व्हाय लॉयटर?’ या २०११च्या पुस्तकाच्या तीन लेखिकांपैकी शिल्पा रानडे वास्तुविशारद आहेत. मुंबईत बाईला रस्त्यावर थांबायला कारण दाखवावे लागते, हे त्या पुस्तकाचे निरीक्षण. बदलापूर स्टेशनच्या पुलावर सायंकाळी साडेसातला उभे राहिले की ते सहज पटते: बायका भराभरा चालत असतात, टेकून उभे असलेले सगळे पुरुष.

शिक्षणाचे चित्र पार बदलले आहे. कर्व्यांच्या संस्थेने १९९४ मध्ये पुण्यात फक्त मुलींसाठी डॉ. भानुबेन नानावटी वास्तुकला महाविद्यालय काढले. इतर महाविद्यालयांतही मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीची किंवा अधिक दिसते. कर्जत लोकलमध्ये सकाळी लांब नळकांडे आणि थर्माकोलचे मॉडेल सांभाळत उभी मुलगी हे नेहमीचे दृश्य आहे. बदलापूर ते मुंबई सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटरचे, आणि मॉडेल शाबूत पोहोचवणे ही त्या अभ्यासक्रमातली अलिखित परीक्षाच. गळती सुरू होते ती पदवीनंतर. पगार सुरुवातीला कमी, तास जास्त, साइटवर स्वच्छतागृह नाही, मूल झाल्यावर परतीची वाट अरुंद. ज्या टिकतात त्यांतल्या पुष्कळजणी अध्यापनात, इंटिरियरमध्ये किंवा स्थानिक परवानग्यांच्या कामात जातात. हे शेवटचे काम कोणत्याही चकचकीत मासिकात छापले जात नाही: मोजणी नकाशा, चटई क्षेत्राचा हिशेब, नगररचना विभागाच्या त्रुटी, जोते तपासणी, भोगवटा दाखला. २०२० मध्ये मुंबई वगळता बहुतेक राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आल्यापासून त्याचे स्वरूप बदलले, किचकटपणा तसाच आहे.

उल्हासनगरात या कामाला वेगळेच वजन येते. तेथे शेकडो इमारती परवानगीशिवाय उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाने ८५५ इमारतींवर कारवाईचा आदेश दिल्यानंतर राज्याने २००६ मध्ये खास या शहरासाठी बांधकामे नियमित करण्याचा कायदा केला. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत मोहिनी पॅलेस आणि साईशक्ती या दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. ज्या नकाशावर सहीच नव्हती त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तेव्हा पुन्हा वर आला. स्लॅब पडतो तो बहुधा घरात असलेल्यांवर, आणि दुपारच्या वेळी घरात कोण असते हे सांगायला नको.

बांधकामाचा सर्वांत मोठा स्त्रीवर्ग अजून या इतिहासाबाहेर उभा आहे. घमेले वाहणारी, वाळू चाळणारी, विटा भिजवणारी बिगारी बाई साइटवर असते, पण मुलगा बिगारीचा गवंडी होतो आणि तिच्या हातात थापी क्वचितच येते. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे होते. बांधकाम कामगार कल्याण मंडळाचे लाभ मिळण्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि नाक्यावर रोज नवा ठेकेदार गाठणाऱ्या बाईला तो मिळवणे हेच अर्धे काम होऊन बसते. बदलापूरच्या आसपासच्या ठाकूर-कातकरी पाड्यांत अजून कारवीचे कुड दिसतात. ते लिंपणे-सारवणे बायकांचे, म्हणजे घराची भिंत दरवर्षी त्यांच्या हातून नवी होते. घरकुल योजनेची पक्की भिंत आली की हे कौशल्य कोणी मोजत नाही. उलट उदाहरण मराठवाड्यातले आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणासाठी शेकडो गावांत बायकांना ‘संवाद सहायक’ नेमले गेले. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या आधाराने त्यांनी कोपऱ्यांचे बंध, पट्टे, आरपार दगड हे तंत्र शिकून घेतले, गवंड्याचे काम तपासले आणि चुकले तर पुन्हा करायला लावले. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा त्यांतल्या काहीजणी तेथल्या बायकांना शिकवायला गेल्या.

पाण्याचा प्रश्न या पट्ट्यात भूकंपाहून जवळचा आहे. उल्हास नदी २००५ मध्ये आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये बदलापुरात शिरली. दुसऱ्या खेपेस वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून हजाराहून अधिक प्रवासी सोडवावे लागले. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते: पंचवीस वर्षांच्या पुराची निळी आणि शंभर वर्षांच्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी. नकाशावर सही करणाऱ्याचा या रेषांशी रोजचा संबंध येतो. ढाक्याच्या मरीना तबस्सुम यांनी २०२० पासून ‘खुदी बारी’ हे घर विकसित केले: बांबूचा सांगाडा, पोलादी जोड, झोपण्याची जागा वरच्या मजल्यावर, आणि पूर आला किंवा चर म्हणजे नदीतले गाळाचे बेट वाहून गेले तर कुटुंबाने स्वतः उकलून दुसरीकडे न्यायचे. बदलापूरच्या सातमजली इमारतीत ते उचलून आणता येणार नाही. मात्र तिच्या तळमजल्यावर जिन्याखाली राहणारे रखवालदाराचे कुटुंब, तेथेच बसवलेला पाण्याचा पंप आणि विजेचे मीटर यांची उंची ठरवणे हा आखणीचाच भाग आहे, आणि नियमावलीतली किमान मापे पाळून तो भागत नाही.